ब्याऐंशी क्लिक

"अण्णा, डोळे उघडा की! दुर्बीण घ्यायला आलोय आपण, ध्यानाला नव्हे."

ओरडून उपयोग नव्हता. तमाण्णा जॉबर कोल्हापुरातल्या त्या दुकानाच्या काउंटरपाशी डोळे गच्च मिटून उभे होते आणि त्यांचा अंगठा रायफलीवरच्या दुर्बिणीची वरची घुंडी फिरवत होता. एक क्लिक, थांबायचं. दुसरा क्लिक, थांबायचं. कानानं ठार बहिरा माणूस, त्यात डोळेही मिटलेले. बोलणार तरी कुणाशी? शेवटी मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"थांब गं वैजे," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळं दुकान वळून बघायला लागलं. "मोजतोय. एकोणचाळीस."

दुकानाचा मालक भला माणूस. तोंडावर हसला नाही, कपाट पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं मन कधीच ठरलं होतं. डावीकडची, काळीभोर, हातभर लांब, चोवीसपट मोठं दाखवणारी. आत फुलीला लाल दिवासुद्धा होता. मी ती डोळ्याला लावून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी बघितली होती, पाटीवरच्या माशीचे पाय दिसत होते. किंमत होती साडेअकरा हजार. माझ्याजवळ बाराच हजार होते, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या ऑफिसात दोन वर्षं बिलं खरडून साठवलेले. पण बसत होती की बजेटात!

अण्णांनी ती पहिल्याच झटक्यात बाजूला सारली होती.

"हिचं घुंडीचं दात खातंय," ते म्हणाले. "साठ क्लिक वर गेलं, साठ क्लिक खाली आलं, तर जाग्यावर यायला पायजे का नको? ही येत न्हाई. दोन क्लिक अलीकडंच बसती."

"पण दिसतं किती छान!" मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले.

"दिसतंय मस्त. चंद्र बी दिसतोय रोज. हाताला लागतोय का?"

मग त्यांनी डोळे उघडले आणि काउंटरच्या कोपऱ्यातला एक बुटका, खरचटलेला तुकडा पुढं ओढला. शोकेसमध्ये चारपाच वर्षं उन्हात पडून रंग उडालेला. दहापट. फक्त दहापट, झूम बिम काही नाहीच. वरच्या घुंडीचे किती फेरे झाले हे दाखवणाऱ्या बारीक रेघा असतात खाली नळीवर, त्यासुद्धा पुसून गेलेल्या. पण साठ क्लिक वर, साठ क्लिक खाली, तीनदा केलं आणि तिन्ही वेळा घुंडी जिथल्या तिथं आली.

"हीच," अण्णा म्हणाले.

"रेघा पुसल्यात, फेरे कसे मोजायचे?"

"अंगठा दिलाय की देवानं."

सात हजारांत ती खरचटलेली दुर्बीण घेऊन आम्ही एसटीत बसलो. इचलकरंजी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. अण्णांशी भांडायचं तर त्यांच्याकडं तोंड करावं लागतं, म्हणून तोंड फिरवणं हीच मोठी शिक्षा होती.

हे सगळं दोन हजार नऊ सालचं. मी चोवीस वर्षांची, वैजयंती ढवळे, जिभेला हाड नसलेली. आमच्या वडिलांचा सोळा मागांचा कारखाना होता तेव्हा तमाण्णा मगदूम आमचे जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो उघडून पुन्हा चालता करणारे मिस्त्री. तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून कान गेले. मागाच्या शेडमध्ये कोणी आवाजानं बोलत नाही, नुसते ओठ हलवायचे. समोरचा ओठांवरून वाचतो. मी त्याच शेडमध्ये वाढले, त्यामुळं अण्णांना काही सांगायचं झालं की बिनआवाजाचे ओठ हलवायचं काम माझ्याकडं. कारखाना विकला गेला तशी अण्णांनी गावातल्या नेमबाजी क्लबातल्या रायफली दुरुस्त करायला घेतल्या, आणि त्यातूनच दुर्बिणी निवडून, बसवून द्यायला लागले. जैन माणूस, चिमणीवर कधी छर्रा उडवला नाही. "कागदाला जीव नस्तोय," म्हणायचे, आणि कागदाची मात्र चाळण करायचे. पुढं पुढं सांगली, बेळगावपर्यंतची माणसं दर रविवारी क्लबात त्यांच्यासमोर रायफली घेऊन रांगेत बसायची. कारखाना गेल्यावर त्यांचं घर त्याच्यावरच चालत होतं.

आमची होती छर्‍याची रायफल. शंभर मीटर म्हटल्यावर खऱ्या बंदुकीवाले हसतात. हसू देत. हरभऱ्याएवढा छर्रा शंभर मीटरवर पोचेपर्यंत इतका खाली येतो, की दुर्बिणीची घुंडी वर फिरवून फिरवून अंगठा दुखतो. माझ्या रायफलीला दोन फेरे आणि वर बावीस क्लिक लागायचे. एका फेऱ्याचे साठ. म्हणजे एकशे बेचाळीस. घुंडी अगदी खाली टेकवायची आणि तिथून मोजत वर यायचं, मधे कोणी बोललं, शिंक आली, मन हललं, तर परत खाली टेकवून पहिल्यापासून. अण्णांनी हे माझ्याकडून तीन महिने घोटून घेतलं. आणि खरं सांगते, दुसऱ्याच महिन्यात माझा राग गेला. दुपारी रेंजवर झळा उठल्या की चोवीसपटवाल्यांना नुसतं उकळतं पाणी दिसायचं. माझ्या दहापटीत कागद शांत उभा असायचा.

हा आटापिटा कशासाठी? तर पन्हाळ्याच्या बाजूला एक निवासी शाळा नेमबाजी शिकवायला बाई शोधत होती. राहायला खोली, महिन्याला पगार, आणि दिवसभर रेंज. अट एकच, जानेवारीतल्या विभागीय सामन्यात दोनशेपैकी एकशे साठ गुण. सायझिंगच्या ऑफिसात आयुष्यभर बिलं खरडायची नाहीत, नेम धरायचा आणि त्यावरच पोट भरायचं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं त्या दिवसांत.

सामना पठारावर होता. आधी पन्नास मीटर, दहा छर्रे. मी शंभरपैकी चौऱ्याण्णव मारले. चौऱ्याण्णव! अण्णा मागं प्रशिक्षकांच्या खुर्चीत बसले होते, त्यांनी दोन्ही हातांची बोटं नाचवली. आता शंभर मीटरवर सहासष्ट हवे होते. झोपेतसुद्धा मारले असते.

घुंडी खाली टेकवली आणि मोजायला लागले. एक फेरा पुरा झाला. तेवढ्यात शेजारच्या दहा नंबरवरून रणधीर इंगवलेनं विचारलं, "वैजयंती, वारा डावीकडून आहे का गं?" पोरगा चांगला, कोल्हापूरच्या बड्या घरातला, माझ्या रायफलीच्या चौपट किमतीची त्याची नुसती दुर्बीण. मी झेंड्याकडं बघितलं, "हो, डावीकडूनच, पण हलका आहे," म्हणाले, आणि परत मोजायला लागले. वीस, एकवीस, बावीस. झालं.

चाचणीचे दोन छर्रे मारले. काळ्या वर्तुळात काळं भोक उन्हात रायफलीच्या दुर्बिणीतून दिसत नाही, म्हणून ते बरोबर लागले असंच धरलं. मग मोजणीचे चार मारले, एकेक श्वास धरून, अगदी मनासारखे. तेव्हा मोठ्या दुर्बिणीवर बसलेला माणूस ओरडला, "नऊ नंबर, कागद कोरा!"

कोरा? चारच्या चार गेले? राहिलेले सहा छर्रे दहा-दहाचे मारले तरी साठ. चौऱ्याण्णव आणि साठ, एकशे चोपन्न. नोकरी गेली होती.

नियमात एक वाट होती. साधन बिघडलं असं पंचांना पटलं तर दुसऱ्या तुकडीत, मागून आणलेल्या रायफलीवर पुन्हा दहा छर्रे मारायला मिळतात. मी हात वर केला. "दुर्बीण सरकली!" मी ओरडले, आणि देवाशपथ सांगते, तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पंच होते निवृत्त सुभेदार सरनोबत, शिस्तीचा माणूस. ते चालत येत होते, आणि माझा हात अजून घुंडीवरच होता. आणि त्या आठ-दहा पावलांत मला आठवलं. वारा. झेंडा. "डावीकडूनच, पण हलका आहे." दुसरा फेरा मी मारलाच नव्हता.

घुंडीवर आकडा बावीसच दिसत होता. दुसऱ्या फेऱ्यात बावीस आणि तिसऱ्यातही बावीसच दिसतो, रेघा पुसलेल्या असल्यावर कोण ओळखणार?

सुभेदारांनी वाकून बघितलं. "कुठली दुर्बीण ही? इतकी जुनी?" मग मागं वळले. "कोणी बसवली? जॉबर तुम्ही? इकडं या."

अण्णा आले. आम्हा दोघांसमोर उभे राहिले.

"या दुर्बिणीचे क्लिक घसरतात, हे तुम्हाला माहीत होतं का?" सुभेदारांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं. सुभेदारही माझ्याकडं बघायला लागले, त्यांना कोणीतरी सांगितलं असणार की म्हाताऱ्याला ही पोरगी सांगते. मी सुभेदारांकडं थोडी पाठ केली आणि ओठ हलवले. आवाज नाही.

"ही दुर्बीण तुम्हीच निवडली का, विचारतायत."

"व्हय साहेब!" अण्णांनी छाती काढून सांगितलं. सगळ्या पठारानं ऐकलं. "व्हय, व्हय! मीच!"

सुभेदारांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता जमीन फाटावी. "माहीत असून पोरीच्या हातात दिलीत?" ते पुटपुटले आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेले. मी अण्णांना म्हणाले, "झालं. दुसऱ्या तुकडीत परत मारायला देणार आहेत."

रणधीरनं स्वतःहून आपली रायफल पुढं केली. "माझ्यामुळं तुझं लक्ष गेलं का गं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "छे, दुर्बीणच भिकार." त्याची दुर्बीण चोवीसवर होती, झळांत कागद नाचत होता. मी झूम फिरवून दहावर आणला. माझ्याच हातानं. अण्णांनी शिकवलेलं सगळं आठवत होतं मला त्या वेळी, एवढं एक सोडून की ते मागं खुर्चीत बसलेत. पंच्याहत्तर मारले. एकशे एकोणसत्तर.

पुढच्या रविवारी क्लबात गेले तर अण्णांसमोर रांग नव्हती. एकटेच बसले होते, पुढ्यात स्क्रूड्रायव्हर मांडून. बेळगावचे दोघं आले आणि आपल्या रायफली न उघडताच परत घेऊन गेले. क्लबाचे सेक्रेटरी खोत चहा पिता पिता चारचौघांत म्हणाले, "ठाऊक असून पोरीच्या गळ्यात मारली म्हाताऱ्यानं. कमिशन मिळालं असेल." मी तिथंच होते. एरवी कुणालाही न ऐकणारी मी, चहाचा कप उचलून धुवायला गेले. अण्णा लांब होते, त्यांना कुठं ऐकू जातंय, अशी मनाची समजूत घातली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं.

शाळेचं पत्र आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन अण्णांच्या घरी गेले. न जाऊन चाललं नसतं, लोकांनी विचारलं असतं. ते मागच्या अंगणात होते. माझी रायफल सामन्यापासून त्यांच्याकडंच होती, कारण मी ती मागायलाच गेले नव्हते.

"ये," ते म्हणाले. भिंतीवर कागद लावला होता. "बघ."

कागदावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार भोकं होती, त्यातलं डावीकडचं खालचं जरा फाटकं.

"ह्या कोपऱ्यात मारला. तीस क्लिक वर, तीस उजवीकडं, तीस खाली, तीस डावीकडं. परत मारला. त्याच भोकात गेलाय. दुर्बीण शाबूत हाय."

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी.

"त्याच्या आधी घुंडी खाली टेकंपर्यंत मोजत आणली," अण्णा म्हणाले. "सामन्यात तू ठेवलीवतीस तशीच हुती, मी हात लावला नव्हता. ब्याऐंशी भरले. एकशे बेचाळीस पायजेत." त्यांनी एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. "एक फेरा."

"अण्णा, मला त्या वेळी..." माझे ओठ नीट हलेनात. "सुभेदारांनी तुम्हाला जे विचारलं ना, ते..."

"क्लिक घसरत्यात का, म्हाईत हुतं का. तेच इचारलं की." अण्णांनी रायफल भिंतीला टेकवली. "त्यांचं तोंड काय मला दिसत न्हवतं व्हय?"

माझ्या हातातला पुडा खाली पडला. खरंच पडला.

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"तू इचारलंस त्याला व्हय म्हटलं. निवडली मीच हुती. खोटं कुठं बोललो?" ते वाकून पेढे गोळा करायला लागले. "तुझ्या तोंडावर रगत न्हवतं. म्हटलं, पोरीचं कायतरी अडलंय. घरी गेल्यावर सांगंल. तीन आठवडं झालं."

मी रडायला लागले. मोठ्यांदा, लाज सोडून. त्यांना माझं रडणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत तर होतं. त्यांनी एक पेढा झटकून तोंडात टाकला. "ग्वाड हाय," म्हणाले. "जा आता. नोकरी नीट कर. पोरींस्नी पयल्यापासनं मोजायला शिकीव."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडले असते, दार आपटलं असतं, आणि बहुतेक पन्हाळ्याला निघूनही गेले असते. त्या "नीट कर"नं माझी झोप घालवली. चार दिवस बॅग भरायची आणि परत उपसायची. आई म्हणाली, "ह्या पोरीला झालंय तरी काय?"

मला माहीत होतं, तोंड उघडलं की काय होणार. झालंही तसंच. सुभेदारांनी माझे गुण रद्द केले, दोन वर्षं बंदी घातली आणि शाळेनं दुसरी बाई घेतली. मी आणखी सहा वर्षं सायझिंगमध्ये बिलं खरडली. त्याची हळहळ मला आजही वाटते, नाही कशाला म्हणू? रेंजवर राहायला मिळालं असतं मला.

पण त्या रविवारी क्लबाची सभा होती. पंचवीस-तीस माणसं, सेक्रेटरी खोत, रणधीर, सुभेदार सरनोबतही पाहुणे म्हणून आलेले. अण्णा सगळ्यांत मागं, दाराशी उभे. मी उठून म्हणाले, मला सामन्याबद्दल सांगायचंय. खोत म्हणाले, "या, पुढं येऊन बोला." मी पुढं गेले. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की पुढं उभं राहून सभेकडं बघून बोलले तर सभा ऐकेल, पण पुढच्या डोक्यांच्या आडून अण्णांना माझे ओठ दिसणार नाहीत. त्यांच्याबद्दलचं सगळं पुन्हा एकदा त्यांच्या माघारीच बोलल्यासारखं होईल.

म्हणून मी माणसांमधून वाट काढत दारापर्यंत गेले. सगळ्या सभेकडं पाठ केली, अण्णांच्या समोर उभी राहिले, आणि त्यांच्या तोंडाकडं बघत, पाठीमागच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागले. दुर्बीण बिघडली नव्हती. मी एक फेरा कमी मारला. ते मला तिथंच कळलं होतं. सुभेदारांनी एक विचारलं आणि मी यांना दुसरंच सांगितलं. यांनी कमिशन खाल्लं नाही, यांनी निवडलेली दुर्बीण आजही एका भोकात मारते. माझा घसा फाटत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सांगून संपलं तरी अण्णा माझ्या ओठांकडंच बघत होते, आणखी काही राहिलंय का म्हणून. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं माझं तोंड खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं.

"एवढं वरडाय काय झालं?" ते म्हणाले. "मी काय बहिरा हाय व्हय?"